बाखच्या नोकऱ्यांच्या गावांतून: आयझेनाख ते लाइपझिग, सात दिवस

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख आयझेनाखला जन्मला आणि लाइपझिगला वारला. या दोन गावांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे रस्त्यानं पुणे-मुंबई होतं तेवढंच. बाखच्याच वर्षी, 1685 मध्ये, शेजारच्या हाल्लेत जन्मलेला संगीतकार हेंडेल इटलीला गेला, लंडनला स्थायिक झाला. बाख मात्र शाळेची ल्युनेबुर्गमधली वर्षं आणि अधूनमधूनचे प्रवास सोडले तर याच पट्ट्यात राहिला. त्यानं बदलले ते मालक. एकाकडे ऑर्गन होता, दुसऱ्याकडे वादक होते, तिसऱ्याकडे शाळकरी मुलं होती. जे हाताशी होतं त्यासाठी त्यानं लिहिलं. म्हणून ही सहल नोकऱ्यांच्या क्रमानं आखली. गावागणिक संगीत का बदललं ते या क्रमानं गेलं की नीट कळतं.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा निवडला. उन्हाळ्याच्या सुट्टीत लाइपझिगचा टोमास कॉयर, म्हणजे टोमास चर्चचा मुलांचा गायकवृंद, गात नाही, आणि ऑक्टोबरात शरद सुट्टी लागते.

दिवस पहिला, शनिवार: आयझेनाख

फ्रँकफर्टहून जलद गाडीनं पावणेदोन तास. स्टेशनापासून फ्राउएनप्लानवरचं बाखहाउस पायी पंधरा मिनिटांवर आहे. 1907 साली हे घर बाखचं जन्मघर समजून संग्रहालय केलं गेलं. पुढे कागदपत्रं तपासल्यावर कळलं की बाख कुटुंब इथे राहतच नव्हतं. तरीही इथूनच सुरुवात करावी, कारण इथे दर तासाला जुनी वाद्यं वाजवून दाखवतात, आणि पुढच्या सहा दिवसांत जे ऐकायचं त्यासाठी कान इथे तयार होतो.

आधी क्लाविकॉर्ड. पट्टी दाबली की पितळेची छोटी पाती तारेला खालून टेकते आणि बोट उचलेपर्यंत टेकूनच राहते. त्यामुळे बोटाचा दाब कमीजास्त केला की सूर किंचित हलतो. आपल्या कानाला ते आंदोलनासारखं वाटतं. आवाज इतका नाजूक की खोलीत कुणी खोकलं तरी बुडतो. मग स्पिनेट. त्यात पिसाच्या दांडीचा तुकडा तार छेडतो आणि लगेच सुटतो. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच. बाखच्या कीबोर्डच्या रचनांमध्ये सूर सतत वाहते का असतात, दोन-तीन स्वरओळी एकमेकींत का गुंतलेल्या असतात, याचं अर्धं उत्तर या पिसात आहे. सूर लहानमोठा करता येत नाही, म्हणून भरणा स्वरांच्या विणीनं करायचा.

शेवटी छोटा ऑर्गन. भाता ओढायला प्रेक्षकांतून एकाला बोलावतात. इथे एक खुलासा. आपल्याकडे संगीत नाटकात जो ऑर्गन वाजायचा, पायानं भाता मारायचा तो, त्यात धातूच्या पत्त्यांचा, म्हणजे रीडचा, आवाज असतो. चर्चचा ऑर्गन मुख्यतः नळ्यांचा. बासरीत फुंकर जशी धारेवर फुटून सूर होतो तसा यातल्या बहुतेक नळ्यांत होतो. भाता ओढायला बोलावलं तर अवश्य जा. घाईनं, असमान ओढलं तर सूर डगमगतो आणि वाजवणारा शांतपणे मागे वळून बघतो.

बाखचे वडील योहान आम्ब्रोझियुस गावाचे नोकरदार वादक. नगरभवनावरून दिवसातून दोनदा वाद्यं वाजवणं, चर्चमध्ये साथ, लग्नाकार्यात वादन. बाखनं 1735 मध्ये स्वतःच्या घराण्याची यादी लिहून काढली, त्यात 53 पुरुषांची नोंद आहे. पहिला फाइट बाख, पाव भाजणारा. दळण चालू असताना गिरणीत तो सिटर्न नावाचं तंतुवाद्य घेऊन बसायचा आणि जात्याच्या घरघरीबरोबर वाजवायचा. ज्या घरांत जात्यावर ओव्या म्हटल्या गेल्या, त्यांना ही गोष्ट परकी वाटू नये.

गेओर्ग चर्चमध्ये 1503 चं दगडी बाप्तिस्मापात्र अजून वापरात आहे. 23 मार्च 1685 ला बाखचा बाप्तिस्मा इथे झाला. वाढदिवस 21 मार्च की 31, हा घोळ कॅलेंडरचा आहे. इकडच्या प्रोटेस्टंट राज्यांनी नवं कॅलेंडर 1700 मध्ये घेतलं, त्यामुळे जुनी तारीख 21, नवी 31.

दहाव्या वर्षाच्या आत-बाहेर आई आणि वडील दोघेही गेले. मोठ्या भावाकडे, ओर्ड्रुफला, पाच वर्षं काढली. भाऊ ऑर्गनवादक असलेलं तिथलं मिखाएल चर्च 1945 च्या बाँबहल्ल्यात गेलं, मनोरा तेवढा राहिला. आम्ही ते गाव सोडलं.

खाण्याचं: इथला बटाट्याचा गोळा, क्लोस, तीन भागांत दोन भाग कच्चा किसलेला पिळून घेतलेला बटाटा आणि एक भाग शिजवलेला, मधे तळलेले पावाचे तुकडे. गोळा शाकाहारी असतो, वरची ग्रेव्ही नसते. शाकाहारींनी अळंब्यांची क्रीम घातलेली ग्रेव्ही मागावी. आणि पाणी-फळं-पाव शनिवारीच घेऊन ठेवा. रविवारी स्टेशनातली दुकानं सोडली तर सगळं बंद.

दिवस दुसरा, रविवार: आर्नश्टाट आणि डॉर्नहाइम

तिकिटाबद्दल एकदाच सांगतो. थ्युरिंगेन, झाक्सन आणि झाक्सन-आनहाल्ट या तिन्ही राज्यांत चालणारं दिवसाचं एकच तिकीट मिळतं, पाच जणांपर्यंत. साध्या गाड्यांत चालतं, जलद गाड्यांत नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच. एकट्यानं आठवडाभर फिरायचं असेल तर महिन्याचा देशव्यापी पास हिशेबात येतो, पण तो वर्गणीसारखा चालू राहतो, मुदतीत रद्द करायला विसरू नका. आर्नश्टाटसाठी नॉयडिटेनडॉर्फला गाडी बदलायची. बदलाला मिनिटं थोडी असतात, सामान हाताशी ठेवा.

सकाळी थ्युरिंगेनच्या जंगलावरून धुकं उतरत होतं. प्रार्थना संपल्यावर आत गेलो. तेव्हाचं नवं चर्च, आताचं बाखचं चर्च. 1703 च्या उन्हाळ्यात योहान फ्रीडरिश वेंडरनं इथला ऑर्गन पुरा केला, तो तपासायला 18 वर्षांच्या बाखला बोलावलं आणि ऑगस्टमध्ये नोकरीच दिली. राहण्या-जेवणाचं धरून वर्षाला 84 गुल्डन 6 ग्रोशन. काम आठवड्यातून तीन वेळा, रविवारी, सोमवारी आणि गुरुवारी. उरलेला वेळ स्वतःचा, आणि ऑर्गनची किल्ली हातात.

आत वर बघताना गोंधळ होतो, कारण इथे दोन ऑर्गन आहेत. खालच्या सज्जातला 1913 चा. बाखचा तो सर्वात वरच्या सज्जातला, जुन्या नळ्या सांभाळून 2000 च्या सुमारास पुन्हा उभा केलेला. मूळचा कीबोर्ड गावातल्या संग्रहालयात आहे. वेंडरच्या ऑर्गनची पट्टी आजच्या 440 हर्ट्झपेक्षा अर्धा सूर चढी, सुमारे 465. हा कोरटोन, म्हणजे चर्चमधली चढी पट्टी. ऑर्गन चढा आणि व्हायोलिन-ओबो उतरे, म्हणून बाखच्या काही हस्तलिखितांत ऑर्गनची ओळ इतरांपेक्षा वेगळ्या स्वरात लिहिलेली सापडते. पाहणाऱ्याला ती चूक वाटते. प्रत्यक्षात तो पट्टीचा हिशेब आहे.

देखरेखीला बसलेल्या आजींनी ऑर्गनकडे बोट दाखवून विचारलं, "तुमच्या देवळात वाजवणाऱ्याला कोण पगार देतं?" देवस्थान, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग तक्रारीही होत असतील." होतच असत, आणि बाखबद्दलच्या लेखी आहेत. 1705 च्या ऑगस्टमध्ये त्यानं गायर्सबाख नावाच्या विद्यार्थ्याच्या बासून या फुंकवाद्याच्या वादनाची टर उडवली. त्यानं रात्री बाजारचौकात बाखला काठीनं गाठलं, बाखनं तलवारीला हात घातला. चौकशीत वरिष्ठांनी बाखला समजावलं की अपुऱ्या गोष्टींसह जगायला शिक. तीन महिन्यांत त्यानं चार आठवड्यांची रजा घेतली आणि ऑर्गनवादक बुक्स्टेहूडेला ऐकायला ल्युबेकला गेला. 400 किलोमीटरहून जास्त, मृत्युलेखात म्हटल्याप्रमाणे पायी. परतला चार महिन्यांनी. फेब्रुवारी 1706 मधल्या झाडाझडतीत नवी तक्रार आहे: भजनांच्या साथीत हा अनोळखी स्वर मिसळतो, लोक गाताना गोंधळतात. ल्युबेकला काय ऐकलं त्याचा हा पुरावाच.

त्याच चौकात आता 1985 चा पुतळा आहे. तरुण बाख, पाय पसरून रेललेला. टोपाखालचा म्हातारा बाख डोक्यात घेऊन आलेल्यांनी तो आधी पाहावा.

दुपारी डॉर्नहाइम. तीन-चार किलोमीटर, शेतातून चालत पाऊण तास. 17 ऑक्टोबर 1707 ला बाख आणि त्याची लांबची बहीण मारिया बार्बारा यांचं लग्न इथल्या छोट्या चर्चमध्ये झालं. चर्च नेहमी उघडं नसतं, आधी कळवून जावं.

मांसाहारींसाठी: थ्युरिंगेनच्या भाजलेल्या सॉसेजचा सर्वात जुना लेखी उल्लेख याच आर्नश्टाटचा, 1404 चा, एका मठाच्या हिशेबात. कोळशावर भाजतात, मरवा आणि शहाजिऱ्यासारख्या कॅरवेचा वास, पावात घालून मोहरीबरोबर.

म्यूलहाउझेन, न थांबता

लग्नाच्या वेळी बाखनं नोकरी बदललेली होती. म्यूलहाउझेनला 85 गुल्डन, शिवाय धान्य, सरपण आणि मासळी. एक वर्ष टिकला. तेवढ्यात नगर परिषदेसाठी लिहिलेला, बाखच्या रचनांच्या सूचीतला 71 क्रमांकाचा कँटाटा, म्हणजे वाद्यांच्या साथीनं गायची अनेक भागांची रचना, परिषदेनं छापला. हयातीत छापलेला आणि आज हाती असलेला त्याचा हा एकमेव कँटाटा. वेळ असेल तर ब्लासियुस चर्चसाठी एक दिवस वाढवा.

दिवस तिसरा, सोमवार: वायमार

सोमवारी जर्मनीत बहुतेक संग्रहालयं बंद. म्हणून सोमवार वायमारला ठेवला, कारण बाखचं बघण्यासारखं इथे जवळपास काही उरलेलंच नाही. नऊ वर्षं, 1708 ते 1717, तो इथे होता. ऑर्गनच्या रचनांचा मोठा वाटा इथला. ज्या राजवाड्याच्या चर्चमध्ये ते घडलं ते 1774 च्या आगीत जळालं. घर बाजारचौकाजवळ होतं, तिथे भिंतीवर पाटी आहे. गावभर गोएथे आणि शिलर या कवींच्याच खुणा.

तरी फिरावं. राजवाड्याच्या आवारात उभं राहून त्या जळालेल्या चर्चची रचना डोळ्यापुढे आणावी. उंच, अरुंद, आणि वादकांची जागा थेट छताच्या वर. छतातल्या मोठ्या झरोक्यातून सूर खाली यायचे, ऐकणाऱ्यांना वाजवणारे दिसत नसत. लोक त्याला स्वर्गाचा गड म्हणत. 1714 च्या मार्चमध्ये कॉन्झर्टमाइस्टर, म्हणजे वाद्यवृंदाचा प्रमुख वादक, झाल्यावर दर महिन्याला एक नवा कँटाटा लिहिण्याची अट आली, पगार 150 वरून 250 गुल्डनवर पोचला. आणि धाकटा राजपुत्र योहान एर्न्स्ट हॉलंडहून सुरलिपीचे गठ्ठे घेऊन आला, तेव्हा इटलीच्या व्हिव्हाल्डीचे कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचना, बाखच्या हाती लागले. त्यानं ते एकट्याच्या कीबोर्डसाठी उतरवून काढले. संपूर्ण वाद्यवृंदाचं काम दोन हातांत आणि दोन पायांत बसवताना त्याची बांधणी आतून शिकता येते. वायमारनंतरच्या त्याच्या रचनांतला उतावळा, धावता सांगाडा इथे आला.

राजवाड्याचा बास्टीय नावाचा जुना भाग अजून उभा आहे. क्योटनच्या राजपुत्राशी करार करून बाखनं राजीनाम्याचा हट्ट धरला, तेव्हा ड्यूकनं त्याला 6 नोव्हेंबर 1717 ला अटकेत टाकलं. 2 डिसेंबरला सोडलं, तेही नाराजीचा शेरा मारून.

हेर्डर चर्चमध्ये बाखच्या मुलांचे बाप्तिस्मे झाले. कार्ल फिलिप एमानुएल त्यातलाच, 1714 चा. आत चित्रकार क्रानाखची वेदीमागची चित्रं आहेत, तेवढ्यासाठीही जावं. कांद्याचा खारा केक, स्वीबलकूखन, वायमारची खासियत. त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, "ओने श्पेक" म्हणून विचारून घ्या.

दिवस चौथा, मंगळवार: हाल्लेवरून क्योटन

या दिवशी घोळ झाला. हाल्लेच्या पुढची गाडी रद्द, पर्यायी बस स्टेशनाच्या मागच्या बाजूनं सुटणार, आणि ते सांगणारा कागद फलाटावर एकाच खांबाला. गाडी रद्द दिसली की फलाटावर थांबू नका. मोबाइलवर पुढचा मार्ग बघा आणि बाहेर बसची "एस-ए-फाउ" पाटी शोधा.

दोन तास मिळाले म्हणून हाल्लेचा बाजारचौक पाहिला. मध्ये हेंडेलचा पुतळा, समोर मार्क्टकिर्शे. 1713 च्या अखेरीस या चर्चनं बाखला नोकरी देऊ केली, त्यानं ती नाकारली. 1716 मध्ये इथला नवा ऑर्गन तपासायला आणखी दोघा जाणकारांबरोबर त्यालाही बोलावलं. त्या वेळच्या मेजवानीची यादी टिकून आहे: पाइक मासा, धुरी दिलेलं हॅम, वाटाणे, पालक, भाजलेलं वासरू, शतावरीच्या कोंबांची कोशिंबीर, पाकातली लिंबाची साल. 1719 मध्ये हेंडेल घरी आल्याचं कळल्यावर बाख क्योटनहून त्याला भेटायला आला, पण हेंडेल निघून गेला होता. दोघांची भेट कधीच झाली नाही.

क्योटन छोटं, शांत गाव. राजवाड्यात बाखचं संग्रहालय आहे. मार्गदर्शक ज्या आरशांच्या दालनापाशी लोकांना थांबवतात ते दालन एकोणिसाव्या शतकातलं, बाखच्या वेळचं नाही. त्याच्या काळाशी नातं आहे ते राजवाड्यातल्या प्रार्थनागृहाचं, तेही दुरुस्त केलेलं. आत ऑर्गनकडे लक्ष जात नाही, आणि इथे महत्त्वाचं तेच आहे. राजपुत्र लिओपोल्डचा दरबार कॅल्व्हिन पंथाचा. प्रार्थनेत साधी स्तोत्रं, कँटाटा नाहीत. म्हणून 1717 ते 1723 या सहा वर्षांत बाखनं चर्चसाठी जवळजवळ लिहिलं नाही. पगार 400 थालर, आणि दिमतीला उत्तम वादक. बर्लिनच्या नव्या राजानं 1713 मध्ये आपला वाद्यवृंद मोडला, त्यातले काही जण लिओपोल्डनं उचलले होते. 24 मार्च 1721 ची तारीख घातलेले ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो, एकट्या व्हायोलिनच्या आणि चेलोच्या रचना, 1722 चा स्वरसप्तकांच्या सर्व पट्ट्यांतला संग्रह, सगळं या काळाशी जोडलेलं.

त्या शेवटच्या संग्रहाबद्दल दोन ओळी. त्यात बारा सुरांपैकी प्रत्येकावर, मेजर आणि मायनर दोन्हींत, एक प्रील्यूड (सुरुवातीची मोकळी रचना) आणि एक फ्यूग (एकच स्वरओळ वेगवेगळे आवाज पाठोपाठ उचलतात अशी रचना), म्हणजे 24 जोड्या. जुन्या जुळवणीत ठरावीक पट्ट्या गोड लागायच्या आणि दूरच्या पट्ट्या कर्कश. स्वयंभू गांधार षड्जापासून 386 सेंटवर (पूर्ण सप्तकाचे 1200 सेंट), पूर्ण समान वाटणीचा 400 वर. चौदा सेंटांची ती तडजोड कुठे किती करायची, हा तेव्हाच्या जुळवणाऱ्यांचा प्रश्न. बाखच्या मनातली जुळवणी पूर्ण समान नव्हती असं बरेच अभ्यासक मानतात, पण सर्व पट्ट्या वाजवता येतील इतकी सुधारलेली होती. आपल्याकडे पेटीच्या सुरांवरून गायकांनी जो वाद घातला, त्याचं मूळ याच चौदा सेंटांत आहे. पेटीवाल्यांनी हा संग्रह जरूर ऐकावा.

जुलै 1720 मध्ये बाख राजपुत्राबरोबर कार्ल्सबादला होता. परतला तेव्हा मारिया बार्बाराला पुरून झालं होतं. पुढल्या वर्षी डिसेंबरात त्यानं दरबारी गायिका आना माग्डालेना विल्केशी लग्न केलं.

राजवाड्यातच पक्ष्यांचं जुनं संग्रहालय आहे, नाउमान यांचं, काचेच्या मूळ कपाटांसह. आणि होमिओपॅथी घराघरांत असलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: होमिओपॅथीचे जनक हानेमान 1821 ते 1835 याच गावात राहत होते. त्यांचं घर चालत जाण्याइतकं जवळ आहे.

दिवस पाचवा, बुधवार: नाउमबुर्ग

लाइपझिगला मुक्काम टाकून तासाभराच्या गाडीनं आलो. संपूर्ण सहलीतला एक दिवस कापायचा असेल तर हा कापू नका. वेन्झेल चर्चमधला ऑर्गन सखारियास हिल्डेब्रांटनं 1746 मध्ये पुरा केला, सप्टेंबरच्या 27 तारखेला बाख आणि ऑर्गन बांधणारा गॉटफ्रीड झिल्बरमान यांनी तो तपासला, आणि तो आजही वाजतो. तीन कीबोर्ड, पायपट्ट्या, 53 स्टॉप, म्हणजे नळ्यांचे वेगवेगळे संच चालू-बंद करायच्या खुंट्या. बाखच्या उतारवयातल्या आवडीचा आवाज यापेक्षा जवळून कुठे ऐकायला मिळत नाही.

बाख ऑर्गन कसा तपासायचा ते त्याच्या मुलानं लिहून ठेवलं आहे. सर्वात आधी सगळे स्टॉप ओढायचे आणि पूर्ण भरून वाजवायचं. फुप्फुसं कशी आहेत ते आधी बघू, असं तो गमतीनं म्हणे. कारण साधं आहे. एकेक स्टॉप वेगळा वाजवला तर वारा नेहमी पुरतो. सगळे ओढून पायपट्ट्यांवर मोठ्या नळ्या चालू केल्या की भाते कमी पडतात, दाब बसतो, वरचे सूर बेसूर होतात. कंत्राटदाराची लबाडी असेल तर पहिल्या मिनिटात उघडी पडते. मग भाते, वाऱ्याचे मार्ग, नळ्यांची जाडी, पट्ट्यांची ठेवण.

हंगामात ठरावीक दिवशी दुपारी बाराला अर्ध्या तासाचं वादन असतं. वादनाआधी तिथल्या एका स्वयंसेवकांनी 32 फुटी पोसाउन या पायातल्या स्टॉपबद्दल सांगितलं. बाक मागे आहे तिथे बसा आणि हात बाकाच्या लाकडावर ठेवा, म्हणाले. शेवटच्या फ्यूगमध्ये पायाचा स्वर आला तेव्हा तो आधी लाकडातून तळहाताला लागला, कानाला नंतर. चर्चमध्ये थंडी असते, बाहेर ऊन असलं तरी स्वेटर न्या.

बाहेर द्राक्षांचा हंगाम. झाले (Saale) आणि उन्स्ट्रुट या नद्यांच्या उतारांवर मळे आहेत, आणि या दिवसांत अर्धवट आंबलेली नवी वाइन, फेडरवायसर, विकायला येते. बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं, कारण आंबणं चालूच असतं. घट्ट बंद केली तर फुटते, आडवी ठेवली तर बॅग भिजते.

दिवस सहावा, गुरुवार: लाइपझिग

मे 1723 मध्ये बाखचं सामान चार गाड्यांत आणि कुटुंब दोन बग्ग्यांत इथे आलं, ही बातमी तेव्हा हॅम्बुर्गच्या वर्तमानपत्रात छापली गेली. टोमास शाळेच्या संगीतप्रमुखाच्या या जागेसाठी नगर परिषदेची पहिली पसंती संगीतकार टेलेमान, दुसरी ग्राउपनर. जुन्या नगरभवनात, जिथे नेमणूक झाली, तिथे चित्रकार हाउसमाननं 1746 मध्ये काढलेलं बाखचं तैलचित्र आहे. 1748 ची आवृत्ती टोमास चर्चसमोरच्या बाख संग्रहालयात. दोन्ही एकाच दिवशी पाहा, हातातल्या सुरलिपीच्या कागदाकडे लक्ष द्या. त्यावर सहा आवाजांचा कॅनन, म्हणजे एकच ओळ आवाज पाठोपाठ उचलतात अशी रचना, आहे, पण लिहिलेल्या तीनच ओळी.

बाख संग्रहालयात पूर्ण दुपार ठेवा. तिथे 1743 मध्ये बाखनं तपासलेल्या ऑर्गनचा कीबोर्ड आहे, त्याच्या घरची लोखंडी तिजोरी आहे. त्याच्या निधनानंतर आना माग्डालेनाकडून शहराकडे आलेले 44 कँटाटांचे मूळ पार्ट बाख आर्काइव्हमध्ये जपले आहेत. पार्ट म्हणजे एकेका गायकाच्या-वादकाच्या हातात द्यायची सुटी पानं. शनिवारपर्यंत ती उतरवून काढायची, रविवारी सकाळी सातच्या प्रार्थनेत वाजवायची. पहिल्या वर्षांत जवळजवळ दर रविवारी नवा कँटाटा. घरातली मुलं, बायको, विद्यार्थी सगळे लेखनिक होते. अक्षर बदलतं तिथे हात बदललेला.

1730 च्या ऑगस्टमध्ये त्यानं परिषदेला लेखी मागणी दिली. प्रत्येक वृंदात किमान 12 गायक, 16 असले तर बरे, आणि 18 ते 20 वादक. सोबत शाळेच्या मुलांची वर्गवारी: 17 कामाचे, 20 अजून तयार न झालेले, 17 निरुपयोगी. दोन महिन्यांनी जुना मित्र एर्डमानला पत्र: मिळकत सुमारे 700 थालर, पण ती अंत्यविधींच्या संख्येवर वरखाली होते. हवा निरोगी असली की मिळकत घटते, आणि गेल्या वर्षी हवा चांगली असल्यानं शंभराहून जास्त थालर बुडाले. हे पत्र वाचून काहींना बाख पैशाचा लोभी वाटतो. घरात किती माणसं होती आणि पक्का पगार किती थोडा होता ते बघितलं की तसं वाटत नाही. तो गेला तेव्हा सगळी मालमत्ता 1100 थालरच्या आसपास भरली आणि आना माग्डालेना 1760 मध्ये धर्मादायावर जगत वारली.

ज्या शाळेत हे कुटुंब राहिलं ती इमारत 1902 मध्ये पाडली. त्सिमरमानचं कॉफीघर, जिथे तो दर शुक्रवारी रात्री विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद घेऊन बसे, ते दुसऱ्या महायुद्धात गेलं. काटरीनेन रस्त्यावर जागा तेवढी दिसते.

इथली गोजे नावाची आंबट बिअर चाखून बघा, त्यात धने आणि मीठ असतं. गोड हवं असेल तर लाइपझिगर लेर्श, म्हणजे चंडोल. 1876 मध्ये चंडोल पक्ष्यांची शिकार बंद झाली, तेव्हा पक्षी भरून केलेल्या पेस्ट्रीऐवजी बदामाचं सारण भरलेली ही कुरकुरीत वाटी आली. आता पूर्ण शाकाहारी, अंडं सोडून.

दिवस सातवा, शुक्रवार: टोमास चर्च

मोटेट म्हणजे वृंदानं गायची धार्मिक रचना. त्याच नावाचा इथला कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी सहाला, शनिवारी तीनला. शनिवारी बहुधा कँटाटाही असतो. वेगळं तिकीट नाही, दारात विकत मिळणारी कार्यक्रमपत्रिका हाच प्रवेश. दार साधारण पाऊण तास आधी उघडतं, त्याच्याही अर्धा तास आधी रांगेत या. कॉयर पश्चिमेच्या सज्जात, म्हणजे बसलेल्यांच्या पाठीमागे गातो. पुढची जागा पकडायला धावू नका, मधल्या बाकांवर आवाज सर्वात नीट मिसळतो. कॉयर दौऱ्यावर असेल तर दुसरा वृंद गातो, आधी वेळापत्रक पाहा. मध्ये टाळ्या वाजवत नाहीत.

बाखची कबर वेदीपुढे, जमिनीत, ब्राँझच्या पाटीखाली. मूळची योहानिस चर्चच्या आवारात होती, दगडाविना. 1894 मध्ये अवशेष शोधले, 1950 मध्ये इथे आणले. 28 जुलै 1750 ला, डोळ्यांवरच्या दोन शस्त्रक्रियांनंतर चार महिन्यांच्या आत, तो गेला होता.

त्या शुक्रवारी पत्रिकेत 226 क्रमांकाचं मोटेट होतं. ऑक्टोबर 1729 मध्ये शाळेचे मुख्याध्यापक एर्नेस्टी यांच्या अंत्यविधीसाठी लिहिलेलं. आठ आवाज, दोन वृंद. मूळ पार्टांत एका वृंदाला तंतुवाद्यांची आणि दुसऱ्याला ओबो-बासूनची साथ आहे. म्हणजे एर्डमानला पत्र लिहिण्याच्या एक वर्ष आधीचं, त्याच कामातलं. सुरुवातीला दोन्ही वृंद एकमेकांना हाका मारल्यासारखे आलटून-पालटून येतात, शेवटी आठांचे चार आवाज होतात आणि साधं भजन उरतं. निळ्या-पांढऱ्या नाविक कुडत्यांतली धाकटी मुलं सज्जावरून खाली आली तेव्हा कबरीच्या पाटीवर दोन ताजे गुच्छ होते. दाराबाहेर पाऊस सुरू झाला होता.